वारसा कर नाही, मग हा कर कशाचा? बाबांचा फ्लॅट विकणाऱ्या तीन भावंडांचं प्रकरण

हे प्रकरण मी स्वतः हाताळलंय. घरच्यांची परवानगी घेऊनच लिहितोय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. कलमांचे आणि फॉर्मचे नंबर १९६१ च्या आयकर कायद्याच्या काळातले आहेत कारण व्यवहार २०२४ मधला आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा लागू झालाय त्यामुळे आज शोधायला गेलात तर नंबर वेगळे दिसतील.

पार्श्वभूमी

पुण्यातला ६४० स्क्वेअर फुटांचा फ्लॅट. बाबांनी १९९३ मध्ये २ लाख १५ हजारांना घेतलेला, एकट्याच्या नावावर. २००९ मध्ये बाल्कनी आत घेतली, बाथरूम नवीन केलं. जून २०१९ मध्ये बाबा गेले, जुलै २०२२ मध्ये आई गेली. मृत्युपत्र दोघांनीही केलेलं नव्हतं.

मुलं तीन. दादा पुण्यातच, नोकरी, पगार वर्षाला १४ लाखांच्या आसपास. ताई लग्न होऊन नाशिकला, स्वतःचं उत्पन्न फारसं नाही. धाकटा अकरा वर्षांपासून दुबईत.

बाबांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव दिलं होतं, त्यामुळे २०१९ मध्ये सोसायटीने शेअर सर्टिफिकेट दादाच्या नावावर करून दिलं. तेव्हा आई होती आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आई गेल्यावर नोव्हेंबर २०२२ पासून फ्लॅट १४ हजार भाड्याने दिला, भाडं दादाच्या खात्यात यायचं, त्यातूनच मेंटेनन्स आणि पालिकेचा टॅक्स भरला जायचा.

ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात दादा माझ्याकडे आला तेव्हा ७२ लाखांना सौदा ठरला होता आणि टोकनही घेऊन झालं होतं. त्याला माझ्याकडून फक्त एकच गोष्ट कन्फर्म करून हवी होती. "आपल्याकडे वारसा कर नाहीये ना? मग माझ्या सहीने विकतो आणि तीन भाग करून दोघांना ट्रान्सफर करतो, संपला विषय."

त्याचं पहिलं वाक्य बरोबर होतं. भारतात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९५३ च्या कायद्याने आली होती, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेलेला होता, आणि १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंसाठी ती बंद झाली. २०२४ च्या निवडणुकीत वारसा कराची बरीच चर्चा झाली त्यामुळे लोक घाबरले होते पण कायद्यात तसं काही आलेलं नाही. आईवडिलांचं घर वारसाने नावावर येतं त्या क्षणाला आयकर शून्य. ते उत्पन्न धरत नाहीत, आणि गेलेल्या माणसाच्या बाजूने ती विक्रीही धरत नाहीत.

त्याचं दुसरं वाक्य मात्र तिघांनाही महागात पडणार होतं.

नेमकी अडचण काय होती

वारसाने आलेलं घर विकलं की भांडवली नफ्यावर कर लागतो, आणि तो नफा वारसाला घर मिळालं त्या दिवसापासून मोजत नाहीत, तर बाबांनी घेतलं त्या दिवसापासून मोजतात. कलम ४९(१) प्रमाणे बाबांची खरेदी किंमत हीच मुलांची खरेदी किंमत. दादाने मनात हिशोब असा केला होता की २०१९ ला घराची किंमत साधारण ५५ लाख होती, आता ७२ आलेत, म्हणजे फार तर १७ लाखांवर काहीतरी लागेल. हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मी आधीच विचारतो, घर बाबांनी कधी घेतलं होतं.

दुसरी अडचण नॉमिनीची. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरतं ते नाव असतं, मालकी वारसांचीच राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही नॉमिनीला तात्पुरता सभासद असंच म्हटलंय. बाबा गेले तेव्हा आई आणि तीन मुलं असे चौघे समान वारस झाले, प्रत्येकी पाव हिस्सा, मग आई गेल्यावर तिचा पाव हिस्सा तिघांत वाटला गेला. म्हणजे आज प्रत्येकी एक तृतीयांश. हे मी सांगितलं तेव्हा दादा जरा वेळ काही बोललाच नाही. पाच वर्षं सर्टिफिकेटवर त्याचं नाव होतं, आईबाबांचं आजारपण त्यानेच काढलं होतं, आणि भावंडांना तो हिस्सा देणारच होता, पण देणं वेगळं आणि तो आधीपासून त्यांचाच होता हे कळणं वेगळं. मला त्याचं वाईट वाटलं आणि तसं मी त्याला बोलूनही दाखवलं.

तिसरी अडचण धाकट्याची. विकणाऱ्यांत एकजण एनआरआय असला की खरेदीदाराने कापायच्या टीडीएसचे (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या कराचे) नियमच बदलतात, आणि इथे खरेदीदाराला ब्रोकरने सांगून ठेवलं होतं की एक टक्का काप आणि मोकळा हो.

चौथी बोलता बोलता निघाली. दोन वर्षांचं भाडं कोणाच्याच रिटर्नमध्ये दाखवलेलं नव्हतं. दादा म्हणाला, "ते बाबांच्या घराचं होतं, माझं थोडीच."

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दादाचाच, एकट्याने विकायचं. ह्यात मालकीचा दोष तर होताच, खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने तो पकडलाच असता, पण कराचाही तोटा होता. सगळा नफा त्याच्या पॅनवर आला असता, पगार धरून एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं असतं आणि करावर १० टक्के सरचार्ज बसला असता. नंतर भावंडांना दिलेले ४८ लाख म्हणजे घरातलं वाटप, ते खर्च म्हणून वजा होत नाहीत. शिवाय ताईला आणि धाकट्याला स्वतःच्या नावावर मिळू शकणाऱ्या सवलती वाया गेल्या असत्या.

दुसरा पर्याय ताईच्या सासरकडून आला. धाकट्याने हक्कसोडपत्र करून द्यावं, घर दोघांच्या नावावर यावं, एनआरआयची भानगडच नको, आणि विक्रीनंतर दोघांनी त्याला त्याचे २४ लाख "गिफ्ट" म्हणून द्यावेत. ऐकायला सोपं. नात्यात विनामोबदला हक्कसोडपत्राला स्टॅम्पही नाममात्र लागतो. पण मी ह्याला स्पष्ट नाही म्हणालो. कागदावर मोबदला नाही लिहायचं आणि प्रत्यक्षात पूर्ण मोबदला द्यायचा ही खोटी कागदपत्रं झाली. उद्या कोणी विचारलं की गिफ्ट नेमकं हिश्श्याएवढंच आणि विक्रीनंतर आठवडाभरात कसं, तर उत्तर नाही. आणि दुसरं, जे मी धाकट्याला फोनवर वेगळं सांगितलं, की सही केल्यानंतर तुझ्या हातात कायद्याने काहीच उरत नाही. तो म्हणाला, "दादावर माझा पूर्ण विश्वास आहे." विश्वास होताच, पण कागद विश्वास संपल्यावरच्या दिवसासाठी असतात, आणि तिन्ही घरांत मिळून सात मुलं आहेत.

तिसरा पर्याय, तिघांनी आपापल्या हिश्श्याचे विक्रेते म्हणून सही करायची, टीडीएस ज्याचा त्याच्या पॅनवर, कर ज्याचा त्याने भरायचा. वेळ जास्त लागणार, खरेदीदाराला त्रास होणार, पण सगळं खरं. हाच घेतला.

हिशोब आणि बाबांची पिशवी

इथे जरा थांबून लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचले.

घर १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल तर खरेदी किमतीऐवजी त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. व्हॅल्युअरने ९ लाख ६० हजारांचा रिपोर्ट दिला. पण २०२० च्या बजेटपासून ह्याला मर्यादा आहे, तो आकडा त्या तारखेच्या स्टॅम्प ड्युटी व्हॅल्यूपेक्षा जास्त धरता येत नाही. २००१ च्या रेडी रेकनरने, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठीच्या सरकारी दरपत्रकाने, किंमत येत होती ८ लाख ४० हजार. म्हणून ८ लाख ४० हजारच धरले. दादाला वाटलं पैसे देऊन रिपोर्ट काढला तर मोठा आकडा का नको, पण जो आकडा नोटीस आल्यावर टिकणार नाही तो लिहून काय उपयोग.

मग प्रश्न दराचा. २३ जुलै २०२४ पासून जमीन आणि घरावरच्या दीर्घकालीन नफ्याला इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, १२.५ टक्के लागतात. त्याआधी घेतलेल्या मालमत्तेसाठी भारतातल्या रहिवासी व्यक्तीला जुना हिशोब, म्हणजे इंडेक्सेशन करून २० टक्के, कमी येत असेल तर तेवढाच कर भरता येतो. एनआरआयला ही मुभा नाही. म्हणजे एकाच आईबापांची तीन मुलं, एकच फ्लॅट, सारखाच हिस्सा, आणि कर वेगळा. धाकट्याला हे पटवायला मला दोन कॉल लागले.

पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा १२.५ टक्केच स्वस्त पडत होते, प्रत्येकी सेससकट (करावरच्या उपकरासकट) साधारण २ लाख ७२ हजार, तर जुन्या पद्धतीने २ लाख ८३ हजार. मी दादाला सहज विचारलं की २००९ च्या कामाची बिलं आहेत का. तो म्हणाला, "पंधरा वर्षांपूर्वीची बिलं कोण ठेवतं हो." ताईला फोन केला तर ती म्हणाली आईच्या कपाटातल्या सगळ्या पिशव्या मी नाशिकला आणल्यात, अजून उघडलेल्या नाहीत. आठ दिवसांनी तिने फोटो पाठवला. कापडी पिशवी, आत खाकी पाकीट, त्यावर बाबांच्या अक्षरात "घराचे कागद. टाकू नये." त्यात १९९३ चा रजिस्टर करारनामा, सूची दोनची (रजिस्टर नोंदीच्या उताऱ्याची) प्रत आणि पिनने टोचून ठेवलेली २००९ ची बिलं. ग्रिलवाला, फरशीवाला, प्लंबर, प्रत्येकाची सही, मागे चेक नंबर. बेरीज १ लाख ८५ हजार.

घरात कायमची भर घालणारा खर्च खरेदी किमतीत मिळवता येतो. रंगरंगोटी आणि मेंटेनन्स नाही, पण बाल्कनी आत घेणं आणि नवीन बाथरूम हो. २००९-१० चा महागाई निर्देशांक १४८ आणि २०२४-२५ चा ३६३, म्हणजे ते १ लाख ८५ हजार आज ४ लाख ५३ हजार ७५० झाले. आणि हिशोब उलटला.

विक्री ७२ लाख, ब्रोकरेज ७२ हजार वजा, उरले ७१ लाख २८ हजार. जुन्या पद्धतीत ८ लाख ४० हजार गुणिले ३.६३ (निर्देशांक ३६३ भागिले २००१ चा १००) म्हणजे ३० लाख ४९ हजार २००, त्यात बिलांचे मिळवून खर्च ३५ लाख २ हजार ९५०, नफा ३६ लाख २५ हजार ५०, एका हिश्श्याला १२ लाख ८ हजार ३५०, त्यावर २० टक्के अधिक सेस २ लाख ५१ हजार ३३७. नव्या पद्धतीत इंडेक्सेशन नाही, नफा ६१ लाख ३ हजार, हिश्श्याला २० लाख ३४ हजार ३३३, कर सेससकट २ लाख ६४ हजार ४६३. म्हणजे बिलांमुळे दादासाठी २० टक्क्यांची पद्धत स्वस्त झाली आणि आधीच्या अंदाजापेक्षा त्याचे एकवीस हजार वाचले. धाकट्याचेही आठेक हजार वाचले. दादाला आकडा सांगितला तेव्हा तो पैशांबद्दल काही बोललाच नाही, म्हणाला बाबांचं अक्षर बघितलं का.

काय काय केलं, आणि कुठे अडलं

धाकट्याचा पॅन हा पहिला खड्डा. आयकरच्या रेकॉर्डला तो अजून भारतातला रहिवासीच दिसत होता आणि आधार जोडलेलं नाही म्हणून पॅन निष्क्रिय. एनआरआयला आधार जोडण्याची सक्ती नाही पण तुम्ही एनआरआय आहात हे त्यांना कळवलेलं असायला हवं. निष्क्रिय पॅनवर टीडीएस जास्त दराने कापला जातो. पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं पाठवून स्टेटस बदलून घेण्यात जवळजवळ तीन आठवडे गेले.

त्याच वेळी कुलमुखत्यारपत्र. धाकट्याला सहीसाठी येणं शक्य नव्हतं. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन त्याने ताईच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं, फक्त ह्याच फ्लॅटच्या विक्रीपुरतं, आणि ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प भरून घ्यावं लागतं ते घेतलं. दादाऐवजी ताईचं नाव धाकट्यानेच सुचवलं. दादाला क्षणभर लागलं असावं, पण त्याने काही म्हटलं नाही.

वारसांचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही मृत्यूचे दाखले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, सोसायटीचं ना हरकत पत्र, हे सगळं वकिलांनी केलं आणि ते सुरळीत झालं.

मग खरेदीदार. त्याला आम्ही तिघे आणि ब्रोकर असे समोर बसून समजावलं. दादा आणि ताईच्या हिश्श्यावर एक टक्का, प्रत्येकी २४ हजार, तो भरायचे फॉर्म २६क्यूबी दोन वेगळे. इथे ब्रोकर म्हणाला की प्रत्येकाचा हिस्सा २४ लाख आहे, ५० लाखांच्या मर्यादेखाली, मग कापायचाच कशाला. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी असा युक्तिवाद चालायचा, त्या तारखेपासून सगळ्या विक्रेत्यांची मिळून रक्कम बघतात हे कायद्यातच लिहिलंय. आणि धाकट्याच्या हिश्श्यावर कलम १९५, तिथे ५० लाखांची मर्यादाच नाही, दर १२.५ टक्के अधिक सेस म्हणजे १३ टक्के, आणि आयकर खात्याचं कमी कपातीचं सर्टिफिकेट नसेल तर नफ्यावर नाही तर पूर्ण २४ लाखांवर. म्हणजे ३ लाख १२ हजार. त्यासाठी खरेदीदाराला टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) काढायचा होता आणि २७क्यू (एनआरआयच्या टीडीएसचं) रिटर्न भरायचं होतं.

खरेदीदार वैतागला आणि ते स्वाभाविक होतं. आयुष्यात पहिलं घर घेणारा पस्तिशीतला मुलगा, त्याला हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. तो म्हणाला की दुसरा फ्लॅट बघतो. मी त्याला एवढंच सांगितलं की कमी कापलंस तर उरलेला कर आणि व्याज तुझ्याकडून वसूल होऊ शकतं, हा नियम तुला वाचवण्यासाठी पाळायचाय. आणि भावंडांनी ठरवलं की त्याच्या टॅनचा आणि २७क्यूचा खर्च ते देतील. साडेपाच हजारांत सौदा वाचला.

कमी कपातीच्या सर्टिफिकेटसाठी फॉर्म १३ आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर भरला. अधिकाऱ्याने २००१ च्या मूल्यांकनाबद्दल आणि वारसहक्काबद्दल विचारणा केली, आम्ही उत्तरं दिली, पण खरेदीदाराच्या लोन सँक्शनची मुदत संपत होती. सर्टिफिकेटची वाट बघायची की ३ लाख १२ हजार कापू द्यायचे, हा निर्णय धाकट्याचा होता. जास्तीचे जात होते साधारण ४७ हजार ५००, ते नंतर परत मिळणार होते. त्याने कापू द्यायला सांगितलं आणि मलाही ते बरोबर वाटलं. २० डिसेंबर २०२४ ला खरेदीखत रजिस्टर झालं.

भाड्याचंही त्याच महिन्यात निस्तरलं. सहमालकांचं भाडं हिश्श्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरतात, कोणाच्या खात्यात आलं ते महत्त्वाचं नाही. वर्षाचं १ लाख ६८ हजार भाडं, ३० टक्के सरसकट वजावट जाऊन १ लाख १७ हजार ६००, एका हिश्श्याला ३९ हजार २००. दादाने २०२३-२४ चं रिटर्न ३१ डिसेंबरच्या आत सुधारून भरलं आणि २०२२-२३ साठी अपडेटेड रिटर्न (सुधारायची मुदत गेल्यावर भरायचं), २५ टक्के जास्तीच्या करासकट. आधी त्याला वाटत होतं सगळं भाडं त्याच्याच डोक्यावर येणार, पूर्ण वर्षाचे ३६ हजार, प्रत्यक्षात एक तृतीयांश म्हणजे १२ हजारांच्या आसपास लागले. ताई आणि धाकट्याचं उत्पन्न मर्यादेखालीच असल्यामुळे त्यांना काही लागलं नाही. भाडेकरूने धाकट्याच्या हिश्श्यावर टीडीएस कापायला हवा होता, तो कापला गेला नव्हता आणि त्याला तसं सांगणारं कोणी नव्हतं.

पाच वर्षं दादाने भरलेल्या मेंटेनन्सपैकी भाड्यातून न निघालेले दोनेक लाख होते. करात ते कुठेच वजा होत नाहीत. पण ताईने स्वतःहून विषय काढला आणि दोघांनी आपापला हिस्सा दादाला दिला.

निकाल

दादाला मुलाच्या शिक्षणासाठी पैसे लगेच हवे होते म्हणून त्याने कोणतीही गुंतवणूक न करता कर भरला. टीडीएस वजा जाता २ लाख २७ हजार आगाऊ कर म्हणून १५ मार्च २०२५ च्या आत.

ताईने भांडवली नफ्यावरचा कर वाचवणारे कलम ५४ईसी चे रोखे घ्यायचे ठरवले. विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात, पाच वर्षं पैसे अडकतात, व्याज तेव्हा ५.२५ टक्के आणि तेही करपात्र. पाच वर्षांनी तिला ते पैसे लागणारच होते त्यामुळे तिला जमण्यासारखं होतं. किती घ्यायचे ह्यावर मी इंडेक्सेशनशिवायचा मोठा नफा धरला, २० लाख ४० हजार, म्हणजे कुठल्याही बाजूने हिशोब केला तरी शिल्लक काही राहू नये. पण हे जवळजवळ हुकलं होतं. तिने पैसे एफडीत ठेवले आणि तिची समजूत अशी झाली की सहा महिने एफडी संपल्यावर सुरू होतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सहज विचारलं म्हणून कळलं. एफडी मोडली, थोडं व्याज गेलं आणि ११ जूनला रोख्यांचा अर्ज झाला. मुदत संपायला आठ-नऊ दिवस उरले होते. तिचा कर शून्य, २४ हजार टीडीएसचा रिफंड आला.

धाकट्याचे पैसे एनआरओ खात्यात (एनआरआयच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात) आले. कर २ लाख ६४ हजार, कापलेले ३ लाख १२ हजार, रिटर्न भरल्यावर फरक परत मिळाला. वारसाच्या मालमत्तेचे पैसे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, तेव्हा त्यासाठी फॉर्म १५सीए आणि सीएचं १५सीबी लागायचं. त्याने अर्धेच नेले, बाकी इथेच ठेवलेत.

परत हेच प्रकरण आलं तर

फॉर्म १३. ही चूक माझी. टोकन झालंय हे कळलं त्याच दिवशी मी धाकट्याचा पॅन तपासायला हवा होता, मी आधी वारसांची कागदपत्रं हातात घेतली आणि पॅनकडे दहा-बारा दिवसांनी वळलो. ते दिवस मिळाले असते तर सर्टिफिकेट बहुतेक वेळेत आलं असतं. ४७ हजार परत आले खरे, पण कुणाला ५४ईसी किंवा नवीन घर घेऊन कर शून्यच करायचा असेल तर पूर्ण ३ लाख १२ हजार अडकतात, आणि हिस्सा मोठा असेल तर रक्कम खूप मोठी होते.

टोकन घेण्याआधी टीडीएसची अट. सौदेपत्रात एक ओळ असती की विक्रेत्यांपैकी एकजण एनआरआय आहे आणि टीडीएस त्याप्रमाणे कापला जाईल, तर खरेदीदाराला तो धक्का बसलाच नसता. त्याला चुकीचं सांगणाऱ्या ब्रोकरपेक्षा मला आमच्याच बाजूचा हा दोष जास्त वाटतो.

ताईला तारीख तोंडी सांगितली होती. आता मी खरेदीखताच्या दिवशीच प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या त्याच्या तारखा पाठवतो, रोख्यांची शेवटची तारीख, आगाऊ कर, रिटर्न, आणि कोणी नवीन घर घेणार असेल तर रिटर्नच्या मुदतीआधी कॅपिटल गेन खात्यात पैसे टाकायची.

आणि २०१९. बाबा गेले तेव्हाच सोसायटीत चौघांची वारस म्हणून नोंद झाली असती तर २०२४ मधला तो अवघड अर्धा तास आलाच नसता. आई हयात असताना हे बोलायला सोपं होतं, आणि आईने तिच्या पाव हिश्श्याचं साधं मृत्युपत्र केलं असतं तरी चाललं असतं. दादाने मागच्या महिन्यात स्वतःचं आणि वहिनीचं मृत्युपत्र रजिस्टर करून घेतलं. सोबत एक फाईल केलीय त्यांच्या फ्लॅटची, करारनामा, सूची दोन, गेल्या वर्षी केलेल्या किचनची बिलं, आणि सगळ्यात वर बाबांचं ते खाकी पाकीट.